मागच्या आसनावरून मोटारीची परीक्षा

डॉक्टर मंडळी एकत्र जमली की बोलणे रुग्णांवरून सुरू होते आणि बहुधा मोटारींवर येऊन थांबते. आपल्या मंडळाच्या स्नेहसंमेलनातही याला अपवाद नसतो. गेल्या काही वर्षांत अनेक तरुण सभासदांनी मला एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला आहे : "सर, फार महाग नको, पण आई-वडील, मुले, सामान असे सगळे आरामात मावेल अशी मोठी गाडी कोणती?" 2018 च्या दिवाळीपासून मी मारुती सुझुकी कंपनीची 'सियाझ' वापरतो, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येत असावा. त्याचे उत्तर एका वाक्यात देण्याऐवजी गाडीची पद्धतशीर तपासणी कशी करावी, हे लिहावे असे वाटले. माझी ही तपासणी बरीच वर्षे अपुरी होती. ती पूर्ण कशी झाली, तेही या ओघात सांगावे लागेल.

पूर्वेतिहास

रुग्णाच्या अंगाला हात लावण्यापूर्वी आपण पूर्वेतिहास विचारतो. मोटारीच्या बाबतीतही तेच करावे. सियाझ भारतात ऑक्टोबर 2014 मध्ये आली. 2007 पासून विकल्या जाणाऱ्या 'एसएक्स 4' या गाडीची जागा तिने घेतली. आरंभी तिच्यात 1.4 लिटरचे पेट्रोल आणि 1.3 लिटरचे डिझेल अशी दोन इंजिने मिळत. ऑगस्ट 2018 मध्ये तिचे रूप पालटले आणि 1.5 लिटरचे नवे पेट्रोल इंजिन आले. त्या वेळी तिची शोरूम-किंमत सव्वाआठ ते अकरा लाखांच्या दरम्यान होती. 2020 मध्ये प्रदूषणाचे भारत स्टेज 6 हे निकष लागू झाले, तेव्हा डिझेलची आवृत्ती बंद झाली. पुढे ग्राहकांचा ओढा उंच गाड्यांकडे वाढत गेला आणि एप्रिल 2025 मध्ये सियाझही बंद झाली.

म्हणजे आज ही गाडी नवी मिळणार नाही. मात्र वापरलेल्या गाड्यांच्या बाजारात ती भरपूर आहे, आणि व्यवसायात नुकतेच पाऊल टाकणाऱ्या डॉक्टरला परवडेल अशा भावात आहे. शिवाय येथे सांगितलेली पद्धत कोणत्याही सेदानला लागू पडते.

देहयष्टी

लांबी 4490 मिलिमीटर, रुंदी 1730, पुढच्या व मागच्या चाकांच्या आसांतील अंतर 2650, जमिनीपासून उंची 170 मिलिमीटर आणि डिकी 510 लिटरची. या आकड्यांतला सर्वांत महत्त्वाचा आकडा एकच, तो म्हणजे 2650. आसांतील अंतर जितके जास्त, तितकी माणसांना बसायला जागा अधिक निघू शकते. आजच्या होंडा सिटीचे हे अंतर 2600 आहे, फोक्सवॅगन व्हर्टसचे 2651 आणि 2023 साली आलेल्या नव्या ह्युंदाई व्हर्नाचे 2670. 2014 सालच्या आराखड्याची गाडी आजच्या गाड्यांच्या पंक्तीला बसते ती या जागेमुळे. पूर्वी एवढी ऐसपैस बैठक हवी असेल तर याच्या जवळजवळ दुप्पट किमतीच्या गाडीकडे वळावे लागे.

मी गाडी घेतली तेव्हा या अंतराचा अर्थ माझ्या लेखी 'मागे पाय पसरून बसता येते' एवढाच होता. त्याचा दुसरा अर्थ मला कळायला साडेसहा वर्षे लागली.

एक प्रश्न, जो मी कधी विचारला नव्हता

गेल्या वर्षी मुलगी बाळंतपणाला माहेरी, इंदूरला आली. बाळ पाच महिन्यांचे झाल्यावर तिला पुण्याला सासरी पोहोचवायचे ठरले. अंतर सुमारे सहाशे किलोमीटर. गाडीत मी, माझी पत्नी, ब्याऐंशी वर्षांची आई, मुलगी आणि बाळ. निघण्याच्या चार दिवस आधी मुलीने विचारले, "बाबा, बाळाचं सीट कधी आणायचं?"

मी म्हणालो, "तू आहेस, आई आहे. मांडीवर झोपेल तो."

आईने दुजोरा दिला. "अरे, तुला मी उज्जैनहून बसमधून मांडीवरच आणलं होतं. काही झालं का तुला?"

मुलगी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बाबा, तुमच्या नर्सरीतून एक तरी बाळ बीसीजी न देता घरी जातं का? मग त्याला घरी कसं नेणार, हे तुम्ही आजवर कुणाला विचारलंत?"

मी विचारले नव्हते. जवळजवळ तीस वर्षांच्या व्यवसायात मी हजारो आयांना स्तनपान, लसीकरण, कावीळ आणि उबदारपणा यांविषयी समजावून सांगितले. बाहेर उभ्या असलेल्या गाडीच्या पुढच्या सीटवर आई बाळाला छातीशी धरून बसते आणि गाडी निघून जाते, हे दृश्य मी असंख्य वेळा दाराशी उभे राहून हसतमुखाने पाहिले आहे. आईने केलेला युक्तिवादही मी रुग्णांच्या तोंडून रोज ऐकतो : "आम्हाला कुठे लशी दिल्या होत्या? आम्ही जगलोच ना!" त्यावर मी उत्तर देतो की, जे जगले तेच हे सांगायला उरतात. तेच उत्तर माझ्या घरात मला लागू होते.

शास्त्र काय सांगते

थोडे गणित करू. गाडी ताशी 50 किलोमीटर वेगाने धावत असता आदळली आणि साधारण साठ सेंटिमीटरांत थांबली, तर आतील प्रत्येक वस्तूला सुमारे सोळा पट गुरुत्वाकर्षणाएवढे बल सोसावे लागते. सात किलोच्या बाळाला त्या क्षणी धरून ठेवण्यासाठी सुमारे 115 किलो वजन पेलण्याइतकी ताकद लागेल, तीही एका सेकंदाच्या दहाव्या भागाहून कमी वेळात. कोणत्याही आईच्या हातांत ती नसते. दुसऱ्या शब्दांत सांगायचे तर, ताशी 50 किलोमीटर वेगाने जाणारी वस्तू समोरच्या भागावर ज्या वेगाने आदळते, तो वेग जवळजवळ दहा मीटरांवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडण्याचा असतो. आईने स्वतः पट्टा लावलेला नसेल, तर तिचेही वजन बाळावर येते. एकच पट्टा दोघांभोवती घेतला, तर बाळ पट्टा आणि आई यांच्यामध्ये चेंगरते.

बालशरीररचना आपणां सर्वांना परिचित आहे. नवजात बाळाचे डोके त्याच्या एकूण लांबीच्या चौथ्या हिश्शाएवढे असते. प्रौढात ते प्रमाण साधारण आठव्या हिश्शावर येते. मानेचे मणके अजून पूर्ण अस्थिमय झालेले नसतात, अस्थिबंध सैल असतात. तोंड पुढे करून बसवलेल्या तान्ह्या बाळाचे धड पट्ट्याने अडले तरी जड डोके पुढे फेकले जाते आणि सगळा ताण मानेवर येतो. म्हणून तान्ह्या बाळाचे सीट उलट, गाडीच्या मागच्या बाजूला तोंड करून लावायचे असते. मग डोके, मान आणि पाठ यांना सीटचा पाठीकडचा भाग एकाच वेळी तोलून धरतो. अमेरिकन बालरोग अकादमीने 2018 मध्ये सांगितले की, त्या सीटची वजन-उंचीची मर्यादा संपेपर्यंत, म्हणजे शक्य तितका काळ, मूल उलटेच बसवावे. युरोपातील आर 129 हा नियम किमान पंधरा महिन्यांपर्यंत तसा आग्रह धरतो. असे सीट हवापिशवी चालू असलेल्या पुढच्या आसनावर मात्र कदापि लावू नये. ताशी दोनशे किलोमीटरपेक्षा अधिक वेगाने उघडणारी पिशवी थेट बाळाच्या डोक्यामागे आदळते.

थोड्या मोठ्या मुलांचा प्रश्न वेगळा. त्यांच्या श्रोणीची हाडे पुरेशी वाढलेली नसल्याने मोठ्यांचा पट्टा कमरेवरून सरकून पोटावर चढतो आणि अपघातात आतडे व कण्याला इजा होते. साधारण 145 सेंटिमीटर उंची होईपर्यंत मुलाला उंचवटा देणारे सीट हवे. आपल्याकडील कायदाही मूक नाही. मोटार वाहन कायद्यातील 2019 च्या दुरुस्तीने कलम 194 ब आले. चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा अथवा बालआसन न लावता नेल्यास एक हजार रुपये दंड आहे. दंडाची भीती फारशी कुणाला वाटत नाही, हे आपण जाणतोच.

तपासणीचा खरा निकाल

सीट आणले. या गाडीत मागच्या दोन्ही कडेच्या जागांवर 'आयसोफिक्स' खुंट्या आहेत. सीटचे दोन धातूचे हात त्यांत अडकवले की खट्ट असा आवाज येतो. ते बसवायला मला पहिल्या वेळी वीस मिनिटे लागली, आता दोन मिनिटे लागतात. त्यानंतर 2650 या आकड्याचा दुसरा अर्थ उलगडला. उलटे लावलेले सीट पुढे-मागे बरीच जागा घेते. लहान गाडीत ते लावले की पुढचे आसन इतके पुढे ओढावे लागते की त्यावर बसणाऱ्याचे गुडघे समोरच्या फळीला टेकतात. मग घरातली मंडळी दोन दिवसांत ते सीट काढून माळ्यावर टाकतात. आमच्याकडे बाळाचे सीट डाव्या बाजूला मागे आणि त्याच्या पुढे, सांधेदुखीने ग्रासलेल्या गुडघ्यांची माझी आई. तिच्या गुडघ्यांपुढे जागा उरली. गाडीतील जागा ही केवळ चैन नसून सुरक्षेची पूर्वअट आहे, हे मी त्या दिवशी शिकलो.

शक्ती आणि स्वभाव

1462 घनसेंटिमीटरचे पेट्रोल इंजिन 105 अश्वशक्ती आणि 138 न्यूटन-मीटर इतका पिळा देते. आकडे मध्यम आहेत. परंतु या आकाराच्या मानाने गाडी हलकी असल्याने शहरात ती चपळ वाटते. गिअरची कांडी हलकी, क्लच मऊ, वळण्यास 5.4 मीटरची त्रिज्या. राजवाड्याजवळच्या गर्दीतही चालकाचा जीव मेटाकुटीस येत नाही.

महामार्गावर तिचा स्वभाव शांत आहे. मानपूरपुढे विंध्याचा उतार उतरून निमाडात आलो, खलघाटच्या पुलावर आईने नर्मदेला हात जोडले, तोवर गाडीत कुणालाच इंजिनाची आठवण झाली नव्हती. परतीच्या वाटेवर मात्र बिजासन घाटाच्या चढावर मालमोटारीच्या पुढे जाताना पाचव्या गिअरवरून तिसऱ्यावर यावे लागते. लहान टर्बो इंजिनाच्या व्हर्टस किंवा स्लाव्हियामध्ये 178 न्यूटन-मीटर मिळतात, तेथे हा खटाटोप कमी होतो. माझे मत असे की, मागे बाळ आणि म्हातारी माणसे असताना पुढे जाण्याची घाई करायला न लावणारे इंजिन हा दोष नव्हे. ज्यांना वेगाची हौस आहे, त्यांनी दुसरीकडे पाहावे.

2018 च्या या आवृत्तीसाठी कंपनीचा दावा लिटरला 21.56 किलोमीटरांचा होता. टाकी काठोकाठ भरून मोजले असता मला शहरात तेरा-चौदा आणि महामार्गावर अठरा-एकोणीस मिळतात. प्रयोगशाळेतील मूल्य आणि खाटेवरचा रुग्ण यांत असा फरक असतोच.

आराम

मागच्या आसनावर दोघे बसले तर बैठक दिवाणखान्यासारखी आहे. पाठ पुरेशी कललेली, मागच्या प्रवाशांसाठी वातानुकूलनाची वेगळी झडप, मागच्या काचेला उन्हाचा पडदा. निमाडातील उन्हात त्या पडद्याचे मोल कळते. निलंबन मऊ आहे. धुळ्यापुढे काही ठिकाणी रस्ता खडबडीत होता, तरी बाळाची झोप मोडली नाही.

तिसऱ्या माणसाचे मात्र हाल होतात. मुलगी मधल्या जागेवर होती. पाठीमागे दुमडलेला हातटेका कठीण लागतो आणि रुंदी मर्यादित आहे. दर दोन तासांनी आम्ही थांबत होतो. तो थांबा बाळासाठी आवश्यकच होता, कारण तान्ह्या बाळाला अशा सीटमध्ये सलग फार वेळ ठेवू नये. मुलीलाही तो लाभला. दुसरा मुद्दा वृद्धांचा. सेदानची बैठक खाली असते. आत जाताना आईला कष्ट पडले नाहीत, उठताना प्रत्येक वेळी हात द्यावा लागला. ज्यांच्या घरी गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया झालेली माणसे आहेत, त्यांनी त्या माणसाला शोरूममध्ये सोबत नेऊन बसवून-उठवून पाहावे. विक्रेत्याचे शब्द येथे उपयोगाचे नाहीत.

डिकीत दोन मोठ्या बॅगा, बाळाची ढकलगाडी, घडीचा पाळणा आणि आईने बांधून दिलेले डिंकाच्या लाडवांचे डबे मावले. मागची पाठ दुमडत नाही, त्यामुळे लांब वस्तू नेता येत नाही.

सोयी, कामाच्या आणि दिखाव्याच्या

वरच्या श्रेणीत एलईडी दिवे, किल्ली न लावता सुरू होण्याची सोय, स्वयंचलित वातानुकूलन, स्पर्शपडदा, वेग स्थिर ठेवण्याची यंत्रणा असे सारे आहे. छतातील खिडकी नाही, आसनांतून थंड हवा येण्याची सोय नाही. मला त्यांचे वाईट वाटत नाही. ज्यांच्याविषयी विक्रेता सर्वाधिक बोलतो त्या सोयी पुढच्या आसनासाठी असतात. ज्यांच्याविषयी तो बोलत नाही, त्या मागच्या आसनाच्या.

उणीव

जिथे रुग्णाशी स्पष्ट बोलले पाहिजे तो भाग आता येतो. सियाझमध्ये शेवटपर्यंत दोनच हवापिशव्या राहिल्या, त्याही पुढच्या. कडेने होणाऱ्या धडकेत मागच्या माणसांचे डोके वाचवणारी पडद्यासारखी पिशवी तिला कधीच मिळाली नाही. घसरणाऱ्या गाडीला सावरणारी 'ईएसपी' ही यंत्रणा 2018 मध्ये केवळ स्वयंचलित गिअरच्या आवृत्तीत होती. सर्व आवृत्त्यांत ती फेब्रुवारी 2023 पासून आली. उलटपक्षी स्लाव्हिया आणि व्हर्टस या गाड्यांना एप्रिल 2023 मध्ये, तर व्हर्नाला त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत प्रौढ व बालक या दोन्ही गटांत पाच तारे मिळाले. 1 ऑक्टोबर 2023 पासून आपल्या देशाचीही 'भारत एनकॅप' चाचणी सुरू झाली आहे. तिच्या निकालात प्रौढांचे तारे आणि बालकांचे तारे वेगवेगळे दिलेले असतात. दुसरा आकडा वाचण्याची सवय आपण लावून घ्यावी.

म्हणून माझा सल्ला असा. ज्यांचे अंदाजपत्रक नव्या, पाच तारे मिळवलेल्या सेदानपर्यंत ताणले जाऊ शकते, त्यांनी ते ताणावे. ज्यांचे ताणले जात नाही, त्यांनी वापरलेली सियाझ घेताना फेब्रुवारी 2023 नंतरची शोधावी आणि बालआसनाचे पैसे गाडीच्या किमतीतच धरावेत. पाच तारे असलेल्या गाडीत मांडीवर बसलेल्या बाळापेक्षा जुन्या सियाझमध्ये नीट बांधलेले बाळ अधिक सुरक्षित आहे, असे मी निःसंकोच म्हणेन.

दहा मिनिटांची तपासणी

गाडी कोणतीही असो, विकत घेण्यापूर्वी पुढील गोष्टी स्वतः कराव्यात.

1. आधी मागच्या आसनावर बसावे. चालकाच्या जागेवर नंतर.
2. मागील गादीच्या सांध्यात बोटे घालून आयसोफिक्सच्या खुंट्या चाचपाव्यात.
3. मधल्या जागेचा पट्टा खांद्यावरून येणारा आहे की केवळ कमरेचा, ते पाहावे.
4. बालआसन सोबत नेऊन उलटे बसवावे आणि पुढे घरातील सर्वांत उंच माणसाला बसवावे.
5. घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीला दोनदा बसवून उठवावे.
6. मागच्या तिन्ही जागांचे पट्टे ओढून, लावून, सोडवून पाहावेत. वापरलेल्या गाडीत ते गादीखाली दडपलेले आढळतात.
7. गाडी चालवून पाहताना मागे माणसे बसवावीत. रिकामी गाडी सर्वांनाच मऊ वाटते.

शेवटच्या पट्ट्याविषयी एक शब्द. 4 सप्टेंबर 2022 रोजी पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला. ते मागे बसले होते आणि मागच्या प्रवाशांनी पट्टे लावले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. त्यांची मोटार परवडणाऱ्या गाड्यांपैकी नव्हती. महागडी गाडीही न लावलेला पट्टा लावू शकत नाही.

पुण्याला पोहोचलो तेव्हा रात्र झाली होती. बाळ सीटमध्येच झोपले होते. उतरताना आई मला म्हणाली, "सारखं मांडीवर घ्यायला हात शिवशिवत होते रे." माझेही शिवशिवत होते.

इंदूरला परतल्यावर मी आमच्या नर्सरीच्या डिस्चार्ज-कार्डावर एक ओळ वाढवली. स्तनपान, लस, तापमान यांच्याखाली आता प्रश्न आहे : 'बाळाला घरी कसे नेणार?' बहुतेकांकडे आज सीट नसते. त्यांना मी निदान एवढे सांगतो की आईने मागे बसावे, स्वतःचा पट्टा लावावा, गाडी हळू न्यावी आणि पुढच्या भेटीपूर्वी सीट आणावे. काही जण आणतात. मंडळाच्या सभासदांनी आपापल्या कार्डावर ही ओळ घातली, तर 'सर, कोणती गाडी घेऊ?' या प्रश्नाचे माझे उत्तर पूर्ण झाले असे मी समजेन.